गेम अडलाय: टिकून राहायचं की सोडून द्यायचं?

गेममध्ये अडकलेल्या माणसाला सल्ला देणारे दोन प्रकारचे लोक भेटतात. एक म्हणतो, "सराव कर, जमेल." दुसरा म्हणतो, "सोड ना यार, एवढं काय त्यात." दोघांनीही तुम्हाला खेळताना पाहिलेलं नसतं. तुम्ही नक्की कशावर अडलात, वेळ किती आहे, कंट्रोलर धड चालतोय का, यातलं काहीही न विचारता हा सल्ला येतो. मुंबईत नोकरी करणाऱ्याच्या वाट्याला खेळायला येतो दिवसातला फार तर तासभर. लोकलमधून उतरून घर गाठायचं, जेवायचं, हॉलमधला एकुलता टीव्ही मालिकांच्या तावडीतून सुटला की साडेदहाला कंट्रोलर हातात घ्यायचा. त्या तासाभरात एकाच बॉसचा, म्हणजे वाट अडवून उभ्या असलेल्या तगड्या शत्रूचा, मार खाऊन झोपायला जायचं असेल, तर त्याला काहीतरी कारण हवं.

माझ्या मते धरण्यासारखं कारण एकच आहे: हरल्यावर काही नवीन कळतंय का? कळत असेल तर गेम कितीही छळू दे, राहा. कळत नसेल तर काहीतरी बदला. बदलूनही काही कळेनासं झालं तर खुशाल सोडा. ऐकायला सोपं आहे, पण रागात असताना आपल्याला काय कळतंय आणि काय नाही हेच कळत नाही, म्हणून हा सगळा खटाटोप.

आज रात्री काही ठरवू नका

रागाच्या भरात अनइन्स्टॉल केलेला शंभर जीबीचा गेम रविवारी पुन्हा डाउनलोड करणारे मी बरेच पाहिलेत. उलटंही होतं. "आता याला हरवल्याशिवाय झोपणार नाही" असं म्हणून दोन वाजेपर्यंत बसायचं आणि सकाळी ७:४२ ची लोकल चुकवायची. दोन्हीत निर्णय घेतलेला असतो तो थकलेल्या हातांनी.

थांबायची खूण सोपी आहे. हरल्यानंतरचा स्क्रीन पूर्ण यायच्या आत अंगठा पुन्हा "रिट्राय"वर दाबला जाऊ लागला, किंवा "हे शेवटचं" असं दुसऱ्यांदा तोंडातून निघालं, की कंट्रोलर खाली ठेवायचा. हातांच्या हालचाली शिकण्यात झोपेचा वाटा असतो, हे मेंदूवरच्या संशोधनातून वारंवार दिसलेलं आहे. रात्री जे जमत नव्हतं ते दुसऱ्या दिवशी पहिल्या दोन-तीन प्रयत्नांत जमून जातं, हा अनुभव बहुतेक खेळणाऱ्यांना असतो. तेव्हा गेम सोडायचा की नाही हे नेहमी दुसऱ्या दिवशी, शक्यतो सुट्टीच्या सकाळी, थोडंसं खेळून मग ठरवा.

आधी टीव्ही आणि कंट्रोलर तपासा

ही पायरी लोक हटकून गाळतात. माझ्या मते सगळ्यात आधी हीच करायला हवी.

माझा लालबागचा मावसभाऊ 'सेकिरो'त अडकला होता. २०१९ चा हा गेम. यात 'सोपं-मध्यम-कठीण' असा पर्यायच नाही आणि सगळी लढाई एका गोष्टीवर उभी आहे: समोरच्याची तलवार अंगावर येईल त्या क्षणी बटण दाबून ती परतवायची. कथेतलं अशिना-बिशिना काही कळलं नाही तरी चालेल, पण ती वेळ साधता आली पाहिजे. गेनिचिरो नावाच्या बॉसपुढे तो टिकेना. "दादा, मी वेळेवरच दाबतोय," हे त्याचं पालुपद. मी शेजारी बसून त्याचा अंगठा आणि बोटंच बघत राहिलो. खरंच वेळेवर दाबत होता. बोट एल-१ बटणावर टेकायचं, आणि पडद्यावर तलवार त्यानंतर, डोळ्याला दिसेल इतक्या उशिराने उठायची. टीव्ही नवाच होता, मोठा होता, पण चित्र गुळगुळीत दिसावं म्हणून त्यातलं प्रत्येक सेटिंग चालू होतं. प्रत्येक फ्रेमवर टीव्ही आपली कलाकुसर करत बसायचा आणि तोवर इकडे मान उडालेली असायची. त्यात कानाला ब्लूटूथ इअरफोन, घरच्यांची झोपमोड नको म्हणून. म्हणजे तलवारींचा खणखणाटही उशिरा.

टीव्हीच्या पिक्चर सेटिंगमध्ये ही कलाकुसर कमी करणारा 'गेम मोड' असतो, तो चालू करा. काही नव्या टीव्हींवर कन्सोल जोडल्यावर तो आपोआप चालू होतो, पण होतोच असं धरून चालू नका. चित्र थोडं फिकं वाटेल, दोन दिवसांत सवय होते. इअरफोन वायरचे घ्या. प्लेस्टेशनच्या कंट्रोलरमध्येच वायरच्या इअरफोनची खाच असते, फार जणांना ती दिसतच नाही. मग कंट्रोलर टेबलावर ठेवून हात न लावता बघा: पात्र आपोआप सरकतंय, कॅमेरा हळूच फिरतोय? तर ती 'ड्रिफ्ट', म्हणजे स्टिक झिजली आहे किंवा आत कचरा गेलाय. काही गेममध्ये 'डेड झोन', म्हणजे स्टिक किती हलली तरी गेमने दुर्लक्ष करायचं ती मर्यादा, वाढवून तात्पुरतं भागतं. कायमचा उपाय म्हणजे स्टिक बदलणं. ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर गेलात तर असं काम करणारे कारागीर सापडतात. आधी दोन-तीन ठिकाणी भाव विचारा आणि तुमच्यासमोर उघडायला सांगा.

ऑनलाइन गेममध्ये हीच तपासणी पिंगची, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणाऱ्या मिलिसेकंदांची. व्हॅलोरंट या बंदुकांच्या ऑनलाइन गेमचा सर्व्हर मुंबईत आहे. घरी बसून मुंबईच्याच सर्व्हरवर पिंग शंभरावर उड्या मारत असेल, तर तुमच्या नेमबाजीला दोष देण्याआधी राउटरपर्यंत केबल टाकून बघा. आणि लोकलमध्ये मोबाइलवर रँक वाढवायला बसणाऱ्यांना मी काय सांगणार? दोन स्टेशनांच्या मध्ये नेटवर्क गेलं की रँक गेली.

मावसभावाचं पुढे काय झालं? गेम मोड लावल्यावर गेनिचिरो लगेच पडला वगैरे काही नाही. पण आता तो का हरतोय ते त्याला दिसू लागलं. सेकिरोत हानबेई नावाचं एक पात्र आहे, त्याला मरणच नाही, त्यामुळे त्याच्यावर हवा तेवढा सराव करता येतो. तिथे तो आठवडाभर घुटमळला आणि मग वर गेला.

का हरलो, ते एका वाक्यात सांगा

यंत्र ठीक असेल तर पुढची कसोटी तोंडी आहे. प्रत्येक वेळी हरलात की पुन्हा सुरू करण्याआधी एक वाक्य मोठ्याने बोला: "मी हरलो कारण..." घरचे बघतील, बघू द्यात.

वाक्य नेमकं असेल, म्हणजे "तो भाला उचलतो तेव्हा मी मागे पळतो, बाजूला व्हायला हवं होतं", तर तुम्ही शिकताय. पुढच्या वेळी वाक्य वेगळं आलं तर उत्तमच. म्हणजे आधीची चूक सुटली आणि नवीन सापडली. "काय यार, लागलंच नाही", "कॉम्प्युटर चीटिंग करतो" अशी वाक्यं सलग येऊ लागली तर शिकणं थांबलंय. आणि तेच नेमकं वाक्य दहा वेळा आलं, तर कळतंय पण हाताला वळत नाही. तिथे सराव लागतो, नवीन डावपेच नाही.

आपल्या पिढीतल्या अनेकांनी सायबर कॅफेत 'व्हाइस सिटी' खेळलाय, २००२ चा. त्यातलं खेळण्यातल्या हेलिकॉप्टरचं मिशन आठवतंय? बांधकाम चालू असलेल्या इमारतीत इवलंसं हेलिकॉप्टर उडवत चार बॉम्ब चार मजल्यांवर ठेवायचे आणि घड्याळ चालू. त्या मिशनवर गेम सोडलेल्यांची संख्या मोजायला घेतली तर शिवाजी पार्क भरेल. सगळे म्हणायचे, "वेळ पुरत नाही." हे वाक्य नेमकं आहे, आणि त्यातच उत्तर दडलंय. घड्याळ सुरू होतं पहिला बॉम्ब उचलल्यावर. त्याच्या आधी तुम्ही आरामात आत जाऊ शकता, जिने कुठे आहेत ते पाठ करू शकता, वाटेत येणाऱ्या कामगारांना पंख्याने बाजूला करू शकता. मग पहिला बॉम्ब उचला. वेळ पुरून उरतो. हा गेम टिकण्यासारखा होता, फक्त "वेळ पुरत नाही"च्या पुढे "वेळ सुरू कधी होतो?" हा प्रश्न कोणी विचारला नाही.

त्याच मालिकेतल्या 'सॅन अँड्रियास'मधलं रेल्वेचं मिशन थोडं निराळं. मागे बसलेला जाड्या, बिग स्मोक, गाडीच्या टपावरच्या चौघांना गोळ्या घालणार आणि तुम्ही फक्त बाइक चालवायची. गाडीला चिकटून चालवली की त्याला वरचे दिसतच नाहीत. थोडं अंतर राखलं की नेम लागतो. इथेही उत्तर आहे, पण निम्मा डाव दुसऱ्याच्या हातात आहे. अशा ठिकाणी एकदा अंतर राखून बघा, नाही जमलं तर उपाय शोधून वाचा. कोणी पदक काढून घेत नाही.

वळसा घालायला लाज कसली

'एल्डन रिंग' (२०२२) सुरू करून बाहेर पडलं की समोरच सोनेरी चिलखतातला एक घोडेस्वार गस्त घालत असतो. नवखे लोक त्याच्याशीच भिडतात, वीसदा मरतात आणि गेम ठेवून देतात. तो तिथे उभाच आहे हे शिकवायला की समोर दिसलेल्याशी लढलंच पाहिजे असं नाही. बाजूने निघून जा, घोडा मिळवा, लेव्हल वाढवा, मग या. पुढे किल्ल्याच्या तोंडाशी मार्गिट नावाचा बॉस अडवतो, तेव्हाही तेच: दक्षिणेला अख्खा द्वीपकल्प पडलाय. फिरून या, मदतीला आत्मे बोलावायची सोय आहे ती वापरा. त्या किल्ल्यात न शिरता कड्याच्या बाजूने पुढच्या प्रदेशात जाणारी वाटसुद्धा आहे. अडलेला गेम सोडण्याआधी "मला इथूनच जायला हवं का?" हे विचारून बघा. मोकळ्या जगाच्या गेममध्ये बहुतेकदा उत्तर "नाही" असतं.

मग येतो डिफिकल्टी कमी करण्याचा प्रश्न. यात आपल्याकडे उगाच मानापमान आहे. जुन्या 'काँट्रा' गेममध्ये वर-वर-खाली-खाली-डावं-उजवं-डावं-उजवं-बी-ए दाबून तीस जीव घेणारी मंडळी आज ऑफिसात "इझी मोड म्हणजे खेळणंच नाही" म्हणतात, तेव्हा हसू येतं. तो कोड मुळात कोनामी या गेम कंपनीच्या काझुहिसा हाशिमोतो यांनी 'ग्रॅडियस'साठी, १९८६ च्या आवृत्तीत घातला होता, कारण त्यांना स्वतःला तो गेम तपासताना फार कठीण जात होता. ज्याने केला त्यालाच जमेना, आणि त्याने सरळ वाट काढली.

आताच्या चांगल्या गेममध्ये ही वाट उघडपणे ठेवलेली असते. 'हेडीज'मध्ये 'गॉड मोड' लावला की अंगावर येणारा मार २० टक्क्यांनी कमी होतो, आणि प्रत्येक मरणागणिक आणखी २ टक्के, ८० पर्यंत. जेवढे हराल तेवढी मदत वाढते, बाकी गोष्ट तीच राहते. 'सेलेस्ट'मध्ये तर गेमचा वेगच कमी करता येतो. मी सुचवेन ते असं: एकदम सगळं सोपं करू नका. एकच गोष्ट बदला, जिच्यामुळे वर म्हटलेलं वाक्य पुन्हा नेमकं येऊ लागेल. वेग थोडा कमी केल्यावर उडी कुठे चुकते ते दिसलं, तर काम झालं. पण सेटिंग बदलण्याआधी त्याची किंमत काय ते वाचा. 'कपहेड'मध्ये 'सिंपल' या सोप्या पातळीवर बॉस हरवले तर शेवटापर्यंत पोहोचता येत नाही. हे आठव्या बॉसनंतर कळलं तर संताप होतो.

अवघड नाही, कंटाळा आलाय

हा आजार वेगळा, आणि सराव हे त्याचं औषध नाही. 'रेड डेड रिडेम्प्शन २' (२०१८) बर्फात सुरू होतो, आणि पहिला अध्याय घोड्यावर बसून एकामागोमाग जाण्यातच जातो. त्यानंतर तो गेम उघडतो, हेही खरं. अशा गेमबद्दल मित्र सांगतात, "वीस तास दे, मग बघ मजा." रोज तासभर खेळणाऱ्यासाठी वीस तास म्हणजे जवळजवळ तीन आठवडे. तीन आठवडे मजा नाही, आणि तरी खेळायचं?

मी एक सीमा आधीच आखून घेतो: कथा जिथे पहिल्यांदा वळते किंवा जग मोकळं होतं तिथपर्यंत जायचं, त्यापुढे एक आठवडा द्यायचा. तोवर दुपारी ऑफिसात गेमची आठवण झाली नाही, तर संपलं. ही दुपारची कसोटी मला तरी सगळ्यात खात्रीची वाटते. कठीण गेम डोक्यात घोळत राहतो, लोकलच्या दारात उभं असताना "डावीकडून गेलो तर?" असं सुचतं. कंटाळवाणा गेम रात्री साडेदहालाच आठवतो, तोही कर्तव्य म्हणून.

गेम किती लांब आहे ते 'हाउ लाँग टू बीट' या वेबसाइटवर बघा आणि आपल्या आठवड्याच्या तासांनी भागा. उत्तर "पुढच्या गणपतीपर्यंत" असं आलं तर निदान डोळे उघडे ठेवून सुरुवात कराल. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात गेमच्या प्रत्येक अचीव्हमेंटपुढे, म्हणजे टप्पा गाठल्यावर मिळणाऱ्या बिल्ल्यापुढे, किती टक्के खेळाडूंनी ते मिळवलंय ते दिसतं. कथेतल्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या टप्प्याचे आकडे शेजारी ठेवून बघा. अर्ध्यात सोडणारे तुम्ही एकटे नाही, हे तिथे स्वच्छ दिसतं. गोष्टीचा शेवट कळण्याची हुरहुर असेल, तर शेवटचे प्रसंग यूट्यूबवर बघा. यात कमीपणा नाही.

पैसे गेले ते गेले

"साडेतीन हजार मोजलेत, पूर्ण तर करायलाच हवा." हे वाक्य फार महाग पडतं. १९८५ मध्ये अर्क्स आणि ब्लूमर या दोन संशोधकांनी नाटकांच्या हंगामी तिकिटांवर एक प्रयोग केला: ज्यांनी पूर्ण किंमत मोजली होती ते सुरुवातीच्या महिन्यांत सवलतीत घेतलेल्यांपेक्षा जास्त नाटकांना गेले. नाटकं तीच होती. दिलेला पैसा त्यांना ओढत होता. आपल्याकडेही शिवाजी मंदिरात मध्यंतरानंतर उठून यायला धीर लागतोच.

पैसा परत मिळण्यासारखा असेल तेव्हा मात्र घाई करा. स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मागता येतात. म्हणून नवीन गेमचे पहिले दोन तास पात्राचं नाक-डोळे ठरवण्यात घालवू नका. प्लेस्टेशन स्टोअरवर १४ दिवस मिळतात, पण डाउनलोड सुरू केलंत की सहसा संपलं. डिस्क घेतली असेल तर ती विका किंवा बदलून घ्या. लॅमिंग्टन रोडवर जुन्या डिस्क घेणारे दुकानदार आहेत. नव्या गेमची डिस्क आज विकली तर जो भाव येईल तो सहा महिन्यांनी येणार नाही. कपाटात पडलेला "कधीतरी पूर्ण करीन" गेम दर महिन्याला स्वस्त होत असतो.

ज्यांना शेवटच नाही असे गेम

बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया), व्हॅलोरंट, गेनशिन यांना वरचे नियम अर्धेच लागू होतात, कारण हे पूर्ण होतच नाहीत. बीजीएमआय-व्हॅलोरंटमध्ये सीझन संपला की रँक खाली येते आणि पुन्हा चढा. इथे सोडायचं म्हणजे काय, तर रँक सोडायची, मित्र नाही. "का हरलो" हे वाक्य रोज "टीम बेकार होती" असंच येत असेल, तर त्या सीझनपुरती रँक बंद करून चौघांनी मिळून साधे सामने खेळा. आणि हरल्यानंतर लगेच येणारी ऑफर, "फक्त आजच्यासाठी", ती झोपून उठेपर्यंत उघडायचीच नाही. गेम मुद्दाम जिथे अडवतो आणि तिथेच दुकान थाटतो, ती अडचण कौशल्याची नसते. तिथे शिकण्यासारखं काही नाही, लगेच सोडा.

सोडायचं ठरलं, तर नीट सोडा

आधी सेव्ह, म्हणजे तुम्ही कुठवर आलात त्याची गेममधली नोंद, सांभाळा. पीएस५ वर गेम डिलीट केला तरी सेव्ह डेटा वेगळा राहतो, पण कन्सोल रीसेट किंवा विकणार असाल तर आधी त्याची प्रत काढा. स्टीमवर गेमच्या पानावर 'क्लाउड'ची खूण आहे का बघा. नसेल तर फोल्डर स्वतः कॉपी करून ठेवा.

मग फोनमध्ये तीन ओळी लिहा: कुठे आहे, काय करायला निघालो होतो, कशावर अडलो. अडण्याची ओळ नेमकी लिहा. "गेनिचिरो" एवढंच लिहिलंत तर वर्षाने काही उपयोग नाही. "गेनिचिरोची विजेची उडी, हवेतच परतवायची असते, मला वेळ साधत नाही" असं लिहा. त्यानंतर गेम डिलीट करा. होम स्क्रीनवर त्याचं चित्र राहिलं तर तो रोज टोचत राहील आणि नव्या गेमची मजा घालवेल.

परत यावंसं वाटलं तर सरळ बॉससमोर जाऊ नका. बोटं सगळं विसरलेली असतात. सेटिंगमध्ये जाऊन बटणांचं पान एकदा वाचा, दोन भाग मागे जा आणि सोप्या शत्रूंवर एक संध्याकाळ हात बसवा. बहुतेक गेममध्ये जुने भाग पुन्हा फिरता येतात. येत नसतील तर नवीन सेव्ह सुरू करा, जुना तसाच ठेवून. सुरुवातीचे दोन तास पुन्हा खेळताना मजा आली, तर मग फोनमधल्या त्या तीन ओळी उघडा.